कोड : रंगपेशी का हरवतात?

मागच्या पावसाळ्यात एका तालुक्याच्या गावी विज्ञान शिक्षकांच्या कार्यशाळेसाठी आम्ही गेलो होतो. आमचा विषय होता पेशी आणि ऊती. सत्र संपल्यावर चहाच्या वेळी एक बाई आम्हाला थोड्या बाजूला घेऊन गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सर, कोड संसर्गजन्य नसतं ना? नसतं हे मला माहीत आहे, पण पालकांना पटेल असं सांगता येत नाही."

त्यांच्या सातवीच्या वर्गातील एका मुलीच्या डाव्या पापणीवर आणि दोन्ही गुडघ्यांवर पांढरे डाग उठले होते. शेजारी बसणाऱ्या मुलीच्या पालकांनी बाक बदलून मागितला आणि शाळेने तो बदलून दिलाही. आता ही मुलगी मधल्या सुट्टीत एकटीच डबा खाते. डब्यात दही नाही, लिंबू नाही, लोणचे नाही, चिंचेची आमटी नाही. ती खो-खोच्या संघात होती. घरच्यांनी तेही थांबवले होते.

संसर्गाच्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते : नाही. कोड कोणत्याही जंतूमुळे होत नाही. शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने, कपडे वापरल्याने किंवा हात धरून खेळल्याने तो एकाचा दुसऱ्याला होत नाही. पण बाईंचा पुढचा प्रश्न अवघड होता. "मग होतो कशाने?" चहाच्या कपाभरात त्याचे उत्तर देणे आम्हाला जमले नाही. आम्ही वैद्य नव्हे, पेशीविज्ञानाचे अभ्यासक. परंतु हा प्रश्न मुळात पेशींचाच आहे, म्हणून तो येथे सविस्तर मांडत आहोत.

एका शब्दाचा घोळ

आधी नावाचा गुंता सोडवू. आमच्या एका आत्याच्या हातांवर कोड होते. घरात त्याला कोणी कोड म्हणत नसे. 'डाग' म्हणत, आणि तेही दार लोटून. शेजारची एक म्हातारी मात्र स्पष्ट 'श्वेतकुष्ठ' म्हणे, आणि त्या शब्दानेच आत्याचे जमत आलेले लग्न मोडले असे घरातील मोठी माणसे सांगत.

जुन्या वैद्यकीय संस्कृतात 'कुष्ठ' हा शब्द बऱ्याच निरनिराळ्या त्वचारोगांसाठी वापरलेला आढळतो. चरकसंहितेत श्वित्राचे, म्हणजे पांढऱ्या डागांचे, वर्णन कुष्ठाच्याच अध्यायात येते. त्याआधी अथर्ववेदात 'किलास' या नावाने त्याचा उल्लेख आहे. पुढे बोलीभाषेत कुष्ठ म्हणजे फक्त महारोग असा अर्थ आक्रसला, आणि पांढरे डाग मात्र जुन्या शब्दात अडकून पडले. रोग दोन, त्यांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही, पण नाव एक.

महारोगाचा जंतू नॉर्वेच्या हान्सेन यांनी १८७३ साली शोधला. तो जंतू चेतातंतूंवर हल्ला करतो, म्हणून महारोगाच्या चट्ट्यावर स्पर्श, ऊन-गार कळेनासे होते. चट्टा फिकट किंवा लालसर असतो, दुधासारखा पांढरा सहसा नसतो. कोडाच्या डागावर टाचणी टोचली तर शेजारच्या कातडीवर दुखते तेवढेच दुखते. तेथील त्वचा मऊ असते, तिला घाम येतो, जखम झाली तर ती भरून येते. फक्त रंग नसतो. (महारोगही आज गोळ्यांनी पूर्ण बरा होतो आणि त्या सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात, हे जाता जाता सांगायला हवे. एका रोगावरचा कलंक पुसताना तो दुसऱ्यावर ढकलणे बरे नव्हे.)

वांग्याच्या तीन फोडी

आता रंगाकडे वळू. त्यासाठी वर्गात करण्यासारखा एक प्रयोग आहे. वांग्याच्या तीन फोडी करा. एक तशीच ठेवा. दुसरीला लिंबाचा रस चोळा. तिसरी चिरताक्षणी दोन-तीन मिनिटे उकळत्या पाण्यात टाकून काढा. अर्ध्या-पाऊण तासाने पाहा. पहिली फोड तपकिरी झालेली असेल, दुसरी बरीचशी पांढरी राहिली असेल आणि तिसरीही पहिलीइतकी काळवंडलेली नसेल.

फोड चिरली की पेशी फुटतात आणि आतील फिनॉल वर्गातील द्रव्ये, एक विकर आणि हवेतील ऑक्सिजन एकत्र येतात. या विकराच्या गाभ्यात तांबे असते. ते फिनॉलचे क्विनोन बनवते आणि क्विनोनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन तपकिरी रंगद्रव्य तयार होते. उकळल्याने विकर निकामी होते. लिंबाच्या आम्लतेने ते मंदावते, आणि लिंबातील क जीवनसत्त्व तयार झालेल्या क्विनोनला पुन्हा मागे फिरवते.

आपल्या त्वचेत याच कुळातील एक विकर काम करते. त्याचे नाव टायरोसिनेज. त्याच्याही गाभ्यात तांबे आहे. टायरोसिन हे अमिनो आम्ल घेऊन ते डोपा आणि डोपाक्विनोन बनवते आणि त्यापासून पुढे मेलॅनिन हे काळे-तपकिरी द्रव्य तयार होते. मात्र वांग्यात हा कारभार पेशी फुटल्यावर उघड्यावर चालतो. त्वचेत तो विशिष्ट पेशींच्या आत, बंद पिशव्यांमध्ये चालतो. या पेशी म्हणजे मेलॅनोसाइट. आपण त्यांना रंगपेशी म्हणू.

बाह्यत्वचेच्या अगदी तळाच्या थरात या रंगपेशी विखुरलेल्या असतात. प्रत्येकीला लांब लांब फांद्या असतात आणि एक रंगपेशी आपल्या फांद्यांमधून आजूबाजूच्या सुमारे ३६ साध्या त्वचापेशींना मेलॅनिनच्या पिशव्या पुरवते. त्या पिशव्या त्वचापेशीच्या केंद्रकावर छत्रीसारख्या धरल्या जातात आणि अतिनील किरणांपासून आतील डीएनएचे रक्षण करतात. गोऱ्या आणि काळ्या माणसाच्या त्वचेत रंगपेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो त्या पुरवत असलेल्या रंगाच्या प्रमाणात आणि प्रकारात. वर्गात हे एक वाक्य सांगितले तरी पुष्कळ काम होते असा आमचा अनुभव आहे.

रंग संपला की रंगारी गेला?

एखाद्या जागी पांढरेपणा आला याची दोन कारणे संभवतात. एक, रंगारी जागेवर आहे पण त्याच्याजवळ रंग नाही. दोन, रंगारीच नाहीसा झाला. जन्मतः सर्व अंग पांढरे असणाऱ्या, ज्याला आपण वर्णहीनता म्हणतो त्या स्थितीत पहिला प्रकार असतो : रंगपेशी असतात, पण जनुकातील दोषामुळे रंग तयार होत नाही. कोडात काय होते?

स्विस त्वचारोगतज्ज्ञ ब्रूनो ब्लॉख यांनी १९१७ साली एक सुंदर युक्ती काढली. त्यांनी त्वचेच्या पातळ कापांवर डोपा टाकला. ज्या पेशींत विकर होते त्या काळ्या झाल्या आणि त्यांच्या फांद्यांसकट दिसू लागल्या. कोडाच्या पांढऱ्या भागातील कापावर मात्र डोपा टाकूनही काही काळे होत नाही. तेवढ्याने विकर नाही इतकेच सिद्ध होते, पेशी नाही हे सिद्ध होत नाही. पुढे १९६०च्या सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली असे काप तपासले गेले, आणि जुन्या डागांत रंगपेशीच सापडत नाहीत हे दिसून आले. रंगारी गेलेला असतो.

ही एक गोष्ट नीट ध्यानात घेतली की घरगुती समजुतींपैकी निम्म्या आपोआप गळून पडतात. तांब्याच्या भांड्यातील पाणी प्या, म्हणजे विकराला तांबे मिळेल, असा सल्ला आत्यालाही कोणी दिला होता. पण विकर ज्यात असायचे ती पेशीच नसेल तर तांबे जाणार कोठे? लिंबू, दही, चिंच बंद करण्यामागेही कदाचित असाच काही तर्क असावा : लिंबाने वांग्याची फोड पांढरी राहते, तर माणूसही पांढरा होईल. फोडीवर रस थेट पडतो. खाल्लेले लिंबू पोटात पचते, त्याची आम्लता रक्तात उतरत नाही, रक्ताची आम्लता शरीर अत्यंत काटेकोरपणे राखते. आणि जास्तीचे क जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जाते. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने कोड फुटते ही समजूत तर सर्वदूर आहे. तिला कसलाही पुरावा मिळालेला नाही. आत्याने तीस वर्षे दही-लिंबू तोंडात घातले नाही. डाग वाढायचे तेवढे वाढलेच. वाढत्या वयाच्या मुलीच्या डब्यातून दही आणि आवळा काढून घेणे हे औषध नसून नुकसान आहे.

घरचाच पहारेकरी

रंगारी गेला, पण त्याला कोणी मारले? आज याचे उत्तर बऱ्याच खात्रीने देता येते : आपल्याच प्रतिकारसंस्थेने.

रक्तातील पांढऱ्या पेशींमध्ये मारेकरी टी-पेशींचा एक वर्ग असतो. विषाणूने ग्रासलेली पेशी ओळखून तिला ठार करणे हे त्यांचे काम. प्रत्येक पेशी आपल्या आत चाललेल्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर मांडून ठेवते आणि टी-पेशी ते तपासत फिरते. कोडात काही टी-पेशी रंगपेशीच्या स्वतःच्या प्रथिनांनाच परके समजतात. डागाच्या कडेला, जेथे तो पसरत असतो नेमक्या तेथे, अशा टी-पेशी आढळतात. त्या तेथे नुसत्या जमल्या आहेत की खरोखर मारत आहेत, हे पाहण्यासाठी ॲम्स्टरडॅम येथील संशोधकांनी रुग्णाच्या डागाच्या कडेतून टी-पेशी काढल्या आणि त्याच रुग्णाच्या रंग असलेल्या त्वचेच्या तुकड्यात सोडल्या. तुकड्यातील रंगपेशी मेल्या, शेजारच्या साध्या त्वचापेशी राहिल्या. हे काम २००९ साली प्रसिद्ध झाले. आमच्या मते या विषयातील हा सर्वांत बोलका प्रयोग आहे.

उलट बाजूनेही पुरावा मिळतो. मेलॅनोमा हा रंगपेशींचाच कर्करोग. त्याच्यावर गेल्या दहा-पंधरा वर्षांत अशी औषधे आली की जी टी-पेशींचा लगाम सैल सोडतात. ही औषधे घेणाऱ्या काही रुग्णांच्या अंगावर कोडासारखे पांढरे डाग उठतात, आणि असे डाग उठलेल्यांची कर्करोगातील प्रगती बहुधा चांगली असते. म्हणजे कोडाचा रुग्ण ज्या पहारेकऱ्याने हैराण झालेला असतो, तोच येथे प्राण वाचवतो. टायरोसिनेजच्या जनुकाचा जो प्रकार कोडाचा धोका वाढवतो, तोच मेलॅनोमाचा धोका कमी करतो, असे युरोपीय वंशाच्या लोकांच्या अभ्यासात २०१० साली दिसले, तेही याच्याशी जुळते.

टी-पेशी एकट्या काम करत नाहीत. हल्ला करताना त्या इंटरफेरॉन-गॅमा नावाचा संदेश सोडतात. तो मिळताच शेजारच्या साध्या त्वचापेशी दुसरे एक रसायन सोडतात, आणि त्या वासावर आणखी टी-पेशी तेथे धावून येतात. असे चक्र एकदा सुरू झाले की डाग पसरू लागतो. हल्ला ओसरला तरी काही टी-पेशी आठवण घेऊन त्याच जागी मुक्काम करतात. म्हणून बरा झालेला डाग पुष्कळदा पुन्हा त्याच जागी उमटतो.

ठिणगी कोठून पडते?

पहारेकरी चुकला हे खरे, पण तो आजच का चुकला, आणि पापणीवरच का?

बीज काही अंशी वारशातून येते. कोडाचा धोका वाढवणारे पन्नासच्या आसपास जनुकीय भाग आतापर्यंत ओळखले गेले आहेत. त्यांतील बहुतेक प्रतिकारसंस्थेशी संबंधित आहेत. कोड असलेल्यांत आणि त्यांच्या नातेवाइकांत थायरॉइडचे स्वप्रतिकारी विकार जास्त आढळतात ते यामुळेच, आणि म्हणूनच डॉक्टर थायरॉइडची रक्ततपासणी करायला सांगतात. पण वारसा म्हणजे विधिलिखित नव्हे. एकाच बीजांडापासून झालेल्या जुळ्यांची जनुके सारखीच असतात. त्यांपैकी एकाला कोड असेल तर दुसऱ्यालाही असण्याचे प्रमाण एका मोठ्या अभ्यासात अवघे २३ टक्के निघाले. सख्ख्या भावंडांत ते सहा-सात टक्क्यांच्या घरात असते. म्हणजे शंभरातील नव्वदांहून अधिक भावंडांना कोड होत नाही. लग्नाच्या बोलण्यांत धाकट्या बहिणीचे स्थळ मोडणाऱ्यांनी हा आकडा वाचावा.

राहिलेला वाटा परिस्थितीचा. रंगपेशीचा धंदा मुळातच जोखमीचा आहे. मेलॅनिन बनवताना क्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी दाहक द्रव्ये आत तयार होतात. निरोगी रंगपेशी ती सांभाळून घेते. कोडाकडे कल असलेल्या माणसाच्या रंगपेशी या ताणाला लवकर बळी पडतात. ताणात सापडलेली पेशी धोक्याचे संदेश सोडते, आणि ते ऐकून प्रतिकारसंस्था जागी होते. तेव्हा ज्या ज्या गोष्टीने रंगपेशीवर ताण येतो ती ठिणगी ठरू शकते.

पहिली ठिणगी घर्षण आणि इजा. एकोणिसाव्या शतकात जर्मन डॉक्टर हाइनरिश केब्नर यांच्या लक्षात आले की सोरायसिसच्या रुग्णाला जेथे ओरखडा उठतो तेथेच नवा चट्टा येतो. कोडातही तसेच घडते. आपल्याकडे परकराची किंवा पायजम्याची नाडी जेथे करकचून बांधली जाते तेथे कमरेभोवती पांढरा पट्टा उमटलेला दिसतो. घड्याळाचा पट्टा, चपलेचा अंगठा, चष्म्याची नाकावरील टेकणी, बाकावर टेकणारे कोपर, वज्रीने घासलेल्या टाचा, या सगळ्या त्याच्या आवडत्या जागा. डाग पुसला जाईल या आशेने काही मुले तो दगडाने किंवा काथ्याने घासतात, त्याने तो वाढतो. शिक्षकांच्या हे दृष्टीस पडले तर जरूर थांबवावे.

दुसरी ठिणगी रसायनांची, आणि तिची कथा रंजक आहे. १९३९ साली अमेरिकेतील एका चामडे कमावण्याच्या कारखान्यातील कामगारांच्या हातांवर पांढरे चट्टे उठल्याचे प्रसिद्ध झाले. त्यांत कृष्णवर्णीय कामगार बरेच असल्याने ते लगेच नजरेत भरले. चट्टे थेट कोपराच्या दिशेने मोज्याच्या मापाने गेलेले होते. शोध घेता रबरी हातमोजे दोषी निघाले : रबर लवकर कुजू नये म्हणून त्यात मोनोबेंझिल ईथर ऑफ हायड्रोक्विनोन नावाचे द्रव्य मिसळलेले होते. हे द्रव्य फिनॉल वर्गातील, टायरोसिनसारखे दिसणारे. टायरोसिनेज विकर फसते, त्यालाच टायरोसिन समजून त्याचे क्विनोन बनवते, आणि त्या विषारी क्विनोनने रंगपेशीचा घात होतो. वांग्याच्या फोडीतील रसायनच, पण येथे ते आपल्या मालकिणीवर उलटते. गंमत अशी की ज्यांचे जवळजवळ सर्व अंग कोडाने पांढरे झाले आहे अशांच्या उरलेल्या काळ्या ठिपक्यांचा रंग घालवण्यासाठी नंतर हेच द्रव्य औषध म्हणून वापरात आले.

हातमोज्यांची ही गोष्ट दूरदेशीची वाटली तरी तिची भावंडे आपल्या घरात आहेत. कपाळावर चिकटणाऱ्या टिकलीच्या डिंकात पॅरा-टर्शरी-ब्यूटिल फिनॉल असू शकते, आणि नेमका टिकलीच्या आकाराचा पांढरा ठिपका कपाळावर उठल्याची उदाहरणे भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवली आहेत. स्वस्त रबरी स्लिपरच्या पट्ट्याखाली पायावर पांढरा इंग्रजी व्ही उमटतो. कोलकात्यातील डॉक्टरांनी २००९ साली रसायनांमुळे डाग उठलेल्या ८६४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात पहिला क्रमांक केसांच्या कलपाचा होता. टिकली आणि रबरी चपला याही यादीत होत्याच. जपानमध्ये तर २०१३ साली एका मोठ्या कंपनीला आपली गोरेपणाची क्रीमे बाजारातून परत घ्यावी लागली. त्यांतील रोडोडेंड्रॉल या फिनॉलने वापरणाऱ्यांपैकी सुमारे दोन टक्क्यांच्या त्वचेवर पांढरे चट्टे उठले होते. वापर थांबवल्यावर त्यांतील पुष्कळांचा रंग पूर्णतः किंवा अंशतः परत आला. गोरे होण्याची हौस इतक्या शब्दशः पुरी झाल्याचे दुसरे उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

मात्र टिकली लावणाऱ्या लाखो स्त्रियांपैकी फार थोड्यांना हा त्रास होतो. बीज नसेल तर ठिणगी विझून जाते. ज्यांच्या घरात कोड आहे त्यांनी चिकट टिकलीऐवजी साधे कुंकू लावावे आणि रबराऐवजी कापडी किंवा चामडी पट्ट्याची चप्पल घालावी, एवढी सावधगिरी पुरे.

उन्हाने कातडी भाजणे हीही एक ठिणगी आहे. मनावरील ताणाविषयी बरेच रुग्ण सांगतात की परीक्षेनंतर किंवा घरातील मृत्यूनंतर डाग सुरू झाले. हे खरे असू शकते, पण मागे वळून आठवताना माणूस कारण शोधतोच, म्हणून या पुराव्याला आम्ही जरा हात राखून मानतो. डागांमुळे येणारा ताण मात्र निःसंशय खरा आहे.

कोडाचा एक वेगळा प्रकार शरीराच्या एकाच बाजूला, एखाद्या पट्ट्यात येतो. तो बहुधा लहानपणीच सुरू होतो, वर्ष-दोन वर्षे पसरतो आणि थांबतो. त्याची वागणूक निराळी असल्याने येथे आम्ही त्यात शिरत नाही.

केसाच्या मुळाशी

उपचार डॉक्टरांचा विषय आहे. पण त्यामागील जीवशास्त्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. बाह्यत्वचेतील रंगपेशी संपल्या तरी केसाच्या मुळाशी त्यांचा एक राखीव साठा शिल्लक राहतो. उपचाराने हल्ला थांबला आणि या साठ्याला चालना मिळाली की तेथून नव्या रंगपेशी वर चढतात. म्हणून रंग परततो तो डागभर एकदम नव्हे, तर केसांच्या छिद्रांभोवती तिळाएवढ्या ठिपक्यांनी. याच कारणाने चेहऱ्यावरचे डाग चांगली दाद देतात, आणि जेथे केसच नाहीत ती बोटांची टोके, तळवे, ओठ हट्टी राहतात. डागातील केसही पांढरे झाले असतील तर साठाच संपत आल्याची ती खूण समजतात.

चालना देण्याचा जुना मार्ग उन्हाचा. आपल्याकडे बावचीचे बी आणि इजिप्तमध्ये नाईलकाठची आमी माजुस ही वनस्पती डागावर लावून उन्हात बसण्याची प्रथा होती. दोन्हींत सोरालेन वर्गातील, प्रकाशाने क्रियाशील होणारी द्रव्ये आहेत. इजिप्तचे डॉक्टर एल मोफ्ती यांनी १९४८ साली त्यांतील शुद्ध द्रव्य वापरून आधुनिक उपचाराचा पाया घातला. घरच्या घरी बावचीचा लेप लावून दुपारच्या उन्हात बसल्याने मोठमोठे फोड उठतात, आणि त्या इजेतून डाग वाढू शकतो. हा प्रयोग कोणी करू नये. आज रुग्णालयांत बहुधा ३११ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील किरणांचा मोजून मापून डोस देतात. जोडीला प्रतिकारसंस्थेला आवर घालणारी मलमे असतात. डाग बराच काळ स्थिर असेल तर अंगावरील दुसऱ्या जागेच्या रंगपेशी तेथे रोवण्याची शस्त्रक्रियाही करतात. २०२२च्या जुलैत अमेरिकेत रुक्सोलिटिनिब नावाच्या मलमाला मान्यता मिळाली. इंटरफेरॉन-गॅमाचा संदेश पेशीच्या आत पोचवणारी विकरे ते अडवते. वर सांगितलेले चक्रच तोडते. ते बंद केल्यावर डाग परत येऊ शकतात, कारण मुक्कामाला राहिलेल्या त्या टी-पेशी. वर्षभर धीर धरावा लागतो हे सर्वच उपचारांत समान.

जगात साधारण शंभर ते दोनशे माणसांत एकाला कोड असते, आणि निम्म्याच्या आसपास लोकांत ते विसाव्या वर्षाच्या आतच सुरू होते. तेव्हा मोठ्या शाळेत असे मूल असणारच. पण प्रत्येक पांढरा डाग कोड नसतो. गालांवर कोरडे, कोंडा सुटणारे फिकट चट्टे लहान मुलांत फार असतात; त्यांचा दोष जंतांना दिला जातो, वस्तुतः तो एक सौम्य इसब असतो आणि आपोआप जातो. पावसाळ्यात मानेवर, छातीवर येणारे शिबे ही बुरशी आहे. आणि फिकट चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर न घाबरता मुलाला आरोग्य केंद्रात पाठवावे. निदान आपण वर्गात करू नये.

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी सुरू केलेली श्वेता असोसिएशन ही संस्था कोड असलेल्यांसाठी काम करते. बाईंना आम्ही तिचे नाव कळवले. 'नितळ' हा २००६ सालचा मराठी चित्रपट याच विषयावरचा आहे, तो पालकांना दाखवता येईल असेही सुचवले. त्यांनी वांग्याचा प्रयोग निवडला.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांचे पत्र आले. पालकसभेत त्यांनी तीन फोडी टेबलावर ठेवल्या आणि अर्धा तास दुसरेच विषय घेतले. मग फोडी दाखवून रंगपेशींविषयी सांगितले. बाक बदलून मागणाऱ्या पालकांनी, "मग लिंबू का बंद करायला सांगतात?" असे विचारले, तेव्हा त्यांना फारच बरे वाटले, कारण त्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी तयार ठेवले होते. मुलगी जिल्ह्याच्या रुग्णालयात जाऊ लागली आहे. गुडघ्यांवर वारंवार खरचटल्याने तेथे डाग आले असावेत असे डॉक्टर म्हणाले. खो-खो सोडू नकोस, मऊ गुडघेपट्ट्या बांध आणि खरखरीत मैदानावर सूर मारू नकोस, असे त्यांनी सांगितले. गुडघे अजून तसेच आहेत. पापणीवर, अगदी कडेला, तपकिरी रंगाचे तीन ठिपके दिसू लागले आहेत. ते तिने स्वतः आरशात मोजले.